खालचं झाकण

आधी पावडर बदलली.
मग पाण्याला नावं ठेवली, मग सिडकोला,
मग खाडीकडून येणाऱ्या वाऱ्याला.
ओवी कॉलेजातून आली आणि म्हणाली,
आई, माझ्या ओढणीला ओल्या फडक्याचा वास येतो,
शेजारची मुलगी सरकून बसली.
तेव्हा कुठे मी बॅटरी घेऊन
मशीनपुढे पालथी पडले.

कोपरखैरणे, माथाडींची घरं.
मोरी आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या बोळात
मशीन कोंबलंय, त्याच्यावर पिठाचा डबा,
डब्यावर लाईटची बिलं.
दार पुरतं उघडत नाही.
मीही पुरती वळत नाही.

दाराच्या रबराची घडी बोटाने उलटली.
आत काळं.
मला वाटलं होतं ठिपके असतील,
हे तर जावळासारखं मऊ, दाट.
आणि त्याच्याखाली पिवळा थर.
मामंजी कामावरून घरी बसून दोन वर्षं झाली,
मसाला मार्केटची हळद
इथे अजून पगारावर आहे.

जुना टूथब्रश, लिंबूफूल,
बनियन फाडून केलेलं फडकं.
निघाले जिऱ्याचे चार दाणे,
तमालपत्राचा देठ, गणवेशाचं बटण,
एक लांब केस, माझाच असावा,
काळा होता तेव्हाचा.

जाचक वहिनी दारातून म्हणाल्या,
माणूस बोलाव की, सहाशे घेतो.
सहाशे रुपये देऊन
परक्या माणसाला हे दाखवू?

खाली उजव्या कोपऱ्यात एक झाकण असतं.
आठ वर्षांत उघडलं नव्हतं
कारण ते आहे हेच ठाऊक नव्हतं.
रुपयाच्या नाण्याने फिरवलं
तर भसाभसा पाणी आलं,
मांडीखालून थेट गॅसच्या ओट्यापर्यंत,
आणि पाण्याच्या मागून, केसांच्या गुंतवळात,
बिल्ला.

पितळी. कळंकलेला.
अंगठ्याने घासला तसा आकडा वर आला,
चारशे सतरा.

ह्या बिल्ल्यावरून ह्या घरात
दोन महिने अबोला होता.
टोळीने निरोपाचा हार घातला त्या दिवशी
मामंजींनी तो सदऱ्याच्या खिशात ठेवला.
दुसऱ्या दिवशी सदरा दोरीवर, खिसा रिकामा.
सूनबाई, खिसे तपासत नाहीस तू.
तपासते.
देव्हाऱ्यावर हात ठेवून म्हणाले होते, तपासते मी.
भंगारवाल्याचं नावसुद्धा
मीच सुचवलं होतं.

फडकं बादलीत पिळलं, परत पिळलं.
मग रिकामं मशीन लावलं, नव्वद डिग्रीवर.
कपडे नसले की त्याचा आवाज वेगळा येतो,
पोकळ, जरा थोराड.
मामंजी कट्ट्यावरून आत आले.
आत काय आहे?
काही नाही.
मग फिरतंय कशाला?
त्यालाच धुतेय.
हं, म्हणाले, आणि स्टूल ओढून बसले.
अडतीस वर्षं भरल्या गोणीखाली वाकलेला माणूस
रिकाम्या ड्रमकडे बघत बसला.

काचेतलं पाणी आधी करडं झालं,
मग फिकट पिवळं.
हळद, ते म्हणाले. सांगलीची.
वासावरून म्हणाले की रंगावरून,
की उगाच, कोण जाणे.

बिल्ला माझ्या मुठीत, मूठ ओल्या पदरात.
मशीनवरचा आकडा बेचाळीस.
मग एक्केचाळीस.
चहाचं आधण ठेवलं.
साखर घातली, घातली की नाही आठवेना,
म्हणून परत घातली.
तेहतीस.
मग फळीवरून चिंचेचा डबा काढला,
चिमूटभर मीठ घेतलं,
आणि नळाखाली, त्यांच्याकडे पाठ करून,
पितळ घासायला लागले.

मागून आवाज आला,
आता काय घासतेस?